डिकीचे दार का अडते?

वाचकहो, बटण दाबताच आपोआप वर जाणारे मोटारीचे मागचे दार एके दिवशी अडून बसते. ‘मोटर जळली’ म्हणून लगेच नवी आणू नका. आधी दोष शोधू या.

प्रथम दाराला भक्कम टेकू द्या. ते डोक्यावर आले तर जिवावर बेतेल.

मग बॅटरी पाहा. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाब हवा. नंतर फ्यूज. नवा घालताच उडत असेल, तर एखादी तार पत्र्याला लागली असण्याचा संभव फार. जास्त अँपिअरचा फ्यूज घालाल तर तारा पेटतील.

दोन्ही ठीक? आता बिजागरीजवळची रबरी नळी पाहा. दार उघडता-मिटता तिच्यातल्या तारा वाकतात आणि आवरणाच्या आतच तुटतात. एखादा गंजका धागा उरला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो! म्हणून नळीपलीकडे, वीजपुरवठ्याच्या जाड तारेला हेडलाइटचा बल्ब जोडा व नळी हलवा. तो मिणमिणला किंवा लुकलुकला, की दोष तिथेच. बारीक तारांना मात्र बल्ब लावू नका. त्या नाजूक यंत्रणेच्या असतात.

तार जोडली की काम भागते. न तपासता मोटर बदलणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!