सहल सगळ्यांची, हिशेब आपला

परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुलं घरी येतात, दप्तर कोपऱ्यात भिरकावतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "आई, सुट्टीत कुठे जायचं?" उत्तर त्यांनीच ठरवून ठेवलेलं असतं. वर्गातला कुणीतरी मोठमोठ्या पाळण्यांच्या बागेत, म्हणजे थीम पार्कमध्ये, जाऊन आलेला असतो. गाडी उलटी कशी होते, पोटात गोळा कसा येतो, हे त्याने हातवारे करून सांगितलेलं असतं. मग आपल्याही घरात टुमणं सुरू होतं.

मैत्रिणींनो, अशा करमणुकीला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. पण मध्यमवर्गीय घरात एका दिवसासाठी जवळजवळ महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मोजायचे म्हणजे छातीत धस्स होतं, हेही खरं. आमच्या घरी हा प्रयोग दोनदा झाला, एकदा फसला आणि एकदा साधला. दोन्हींतून जे शिकले ते तुम्हांला सांगते.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही एका बागेत गेलो. नाव सांगत नाही, कारण चूक आमचीच होती. रविवार, तोही मेमधला! उन्हाच्या तडाख्यात तिकिटाच्या रांगेतच तास गेला. मुलीला ज्या पाळण्यात बसायचं होतं, त्याच्या रांगेत आम्ही चाळीस मिनिटं उभे राहिलो आणि तोंडाशी गेल्यावर कळलं, की तिची उंची कमी पडते. तिचं रडं काही केल्या थांबेना. दुपारी एकला सगळ्या जगाबरोबर आम्हीही जेवायच्या रांगेत. घरी आल्यावर मी वही काढली. तिकिटं ४,४००, खाणं १,२६०, पाणी २४०, लॉकर आणि भाड्याचे कपडे ७००, फोटो ३५०, खेळणं ४०० आणि गाडीभाडं ३,२००. एकूण १०,५५० रुपये! आणि सात तासांत मुलांना मिळाले किती खेळ? पाच.

आणि मला? एकही नाही. मी दिवसभर बॅगा सांभाळत बसले होते.

त्या रात्री मला एकदम माझी आई आठवली. १९९९ साली, मी नऊ वर्षांची असताना, बोरिवलीच्या मामाकडून आम्ही गोराईच्या एस्सेल वर्ल्डला गेलो होतो. खाडी ओलांडून लाँचने जाण्याचंच केवढं अप्रूप! १९८९ मध्ये सुरू झालेली ती बाग २०२२ मध्ये बंद पडली, पण तिथला पाळणा अजून माझ्या डोळ्यांपुढे फिरतो. त्या पाळण्यातून खाली पाहिलं, की झाडाखाली आई दिसायची, मांडीवर तीन पिशव्या आणि वर बघत हलणारा एक हात. संध्याकाळी मी विचारलं, "आई, तू का नाही बसलीस?" ती म्हणाली, "अगं, बॅगा कोण सांभाळणार?"

तेवीस वर्षांनी मीही तेच केलं होतं. वहीतल्या हिशेबात हा खर्च कुठे लिहायचा, ते मला कळेना.

म्हणून २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरलं, तेव्हा मी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, पैशांइतकाच तासांचाही हिशेब ठेवायचा, कारण तिकिटाचे पैसे दारातच गेलेले असतात, ते वसूल होतात ते आतल्या वेळेत. दुसरी, त्या वेळेत आपलाही वाटा ठेवायचा.

दिवस निवडताना

खर्च कमी करण्याचं निम्मं काम कॅलेंडरसमोर उभं राहूनच होतं. शनिवार, रविवार, नाताळाचा आठवडा आणि मेची सुट्टी टाळा. सुट्टीतच जायचं असेल, तर मधला वार धरा. आम्ही भाऊबीज उरकल्यावरचा बुधवार घेतला. कित्येक बागांचे दर वारांप्रमाणे बदलतात आणि आडवारी सवलती असतात. पावसाळ्यात गर्दी कमी असते खरी, पण खोपोली घाटाच्या पायथ्याशी, तिथला पाऊस काही विचारू नका! मोठ्या पावसात उघड्यावरचे खेळ थांबवावे लागतात. जुलैत जाणार असाल, तर छपराखालचे खेळ किती, ते आधी पाहा.

तिकीट घरूनच काढा. बागेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, कुणी 'अर्ध्या किमतीत देतो' म्हणून निरोप पाठवला, तर भुलू नका. पाळण्यांची बाग आणि पाण्याची बाग यांची तिकिटं इमॅजिकात वेगळी आहेत. एका दिवसात दोन्ही करू गेलात, तर धड एकही होणार नाही. आणि पुष्कळ ठिकाणी मुलांचं तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरतं. निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीशी मुलांना उभं करा, पेन्सिलीने खूण करा, टेपने मोजा. कोणत्या खेळाला किती उंची लागते ते वाचून मुलांशी घरीच बोला. घरी झालेली निराशा पाच मिनिटांत विरते, रांगेच्या तोंडाशी झालेली दिवस खाऊन टाकते.

जायचं कसं

आम्ही साताऱ्याचे. पहिल्या वेळी घरापासून गाडी केली, तो मोठा खर्च. या खेपेला पुण्यापर्यंत एस.टी. केली. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं भाडं आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं तिकीट आहेच आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. म्हणजे शहात्तर वर्षांच्या सासूबाई फुकट, मी आणि मुलं अर्ध्यात. पूर्ण तिकीट फक्त आमच्या 'ह्यां'चं! ते म्हणाले, "या घरात कमावणाराच तेवढा महाग."

रात्री नणंदेकडे मुक्काम केला आणि सकाळी तिच्या कुटुंबासह एकच मोठी गाडी केली. भाडं दोन घरांत वाटलं गेलं. मुंबईकडच्या मैत्रिणींना तर खोपोलीपर्यंत लोकल आहे, तिथून पुढे रिक्षा किंवा गाडी.

घरात वडीलधारी माणसं असतील, तर आणखी एक सुचवते. अष्टविनायकांतला महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे आणि इमॅजिका ज्या रस्त्यावर आहे, तो पुढे पालीच्या बल्लाळेश्वराकडे जातो. आम्ही पहाटे निघून महडचं दर्शन घेतलं आणि बाग उघडायच्या आत दारात हजर झालो. सासूबाईंची यात्रा झाली, मुलांची जत्रा झाली.

खाण्याचं काय

अशा बहुतेक बागांत बाहेरचे पदार्थ नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं यांना सहसा मुभा असते, तरी आधी विचारून घ्या. म्हणून डबा आत न्यायचा नाही, आत जाण्याआधी खायचा! थालीपीठं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी यांवर सगळ्यांनी गाडीतच ताव मारला. मग दुपारी भूक माफक राहते. जेवण आत घ्यायचं असेल, तर पावणेबाराला घ्या, नाहीतर अडीच वाजता. एकच्या ठोक्याला सगळे जेवायला पळतात, तीच वेळ मोठ्या पाळण्यांत बसायची. पहिल्या वेळी खाण्याला १,२६० रुपये लागले होते, या वेळी माणूस एक जास्त असून ५४० रुपयांत भागलं. संध्याकाळचा डबा गाडीत ठेवला होता. मीठ-साखरेची पुडीही जवळ असू द्या. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा), उन्हाने कोमेजलेली पोरं यानं ताजी होतात.

रांगेचं गणित

गिरणीत दळण टाकताना आपण डबे किती आहेत हे बघत नाही, गिरणी किती भराभर दळते हे बघतो. रांगेचंही तसंच. एका वेळी किती जण बसतात आणि किती मिनिटांनी पुढची खेप सुटते, एवढं पाहा. समजा, तीन मिनिटांनी वीस जण जात असतील, तर तासाला चारशे गेले. म्हणजे पुढे दोनशे माणसं असली, तरी अर्धाच तास. उलट, सहा मिनिटांनी आठ जण जात असतील, तर साठ माणसांची चिमुकली दिसणारी रांगही पाऊण तास घेईल. लांब रांगेला भिऊ नका, आखूड रांगेला फसू नका.

दार उघडताच जवळच्या पहिल्या पाळण्याशी सगळी झुंबड उडते. तुम्ही सरळ पुढे जा. ज्याची सर्वांत जास्त हौस आहे तो खेळ पहिल्या तासात उरका. दुपारचं ऊन छपराखालच्या खेळांत घालवा. जास्त पैसे भरून रांग चुकवायचं तिकीटही मिळतं, पण आडवारी गेलात तर त्याची गरज फारशी पडत नाही. आम्ही ते घेतलं नाही, तरीही मुलांचे अकरा खेळ झाले.

आणि बॅगा?

आता मुख्य गोष्ट. या वेळी मी ठरवलं होतं, की बॅगा सांभाळायला कुणी बसायचं नाही. सामान मुळातच कमी घेतलं. प्रत्येकाच्या खांद्याला एक छोटी झोळी, मोठं सामान गाडीत, आणि उरलेल्यासाठी सगळ्यांत मिळून एक लॉकर. मागे तीन घेतले होते! लहान मुलं असतील, तर नवरा-बायकोंनी आळीपाळीने बसावं. एकाने मुलाजवळ थांबलं, तर दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागते का, हे तिथल्या माणसांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

तरी सासूबाई सवयीने म्हणाल्याच, "तुम्ही जा, मी बसते पिशव्या घेऊन." मी म्हटलं, "आई, पिशव्याच नाहीत!" मग त्या मेरी-गो-राउंडवर बसल्या, लुगड्याचा पदर खोचून, दांडा घट्ट धरून. उतरल्यावर म्हणाल्या, "लग्नाआधी जत्रेत पाळण्यात बसले होते, त्यानंतर आज." (जोराचे पाळणे मात्र हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी टाळावेत. पाटी लावलेली असते, ती वाचा.)

अशा बागांच्या जन्माची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे का? वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लॉस एंजल्सच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मेरी-गो-राउंडवर बसवी आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसे. आई-बाप आणि मुलं यांना बरोबरीने मौज करता येईल अशी जागा हवी, असं त्याला तिथे बसून वाटलं. १९५५ मध्ये त्याचं डिस्नेलँड उघडलं. आणि आपण काय करतो? तिकीट काढून आत जातो आणि पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसतो!

मी त्या दिवशी चार खेळ खेळले. एकात तर डोळे घट्ट मिटून किंचाळले, मुलगा अजून नक्कल करून दाखवतो. घरी आल्यावर आईला फोन केला. ती सगळं ऐकत होती, मग हळूच म्हणाली, "घाबरायला होतं का गं फार?"

पुढच्या हिवाळ्यात, आडवारी, आम्ही तिला घेऊन जाणार आहोत. भिशीतून त्यासाठी दर महिन्याला पैसे बाजूला पडताहेत. तुम्हीही वहीत या सहलीचं पान काढाल, तेव्हा माणसांच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहा. आपण नेमकं तेच विसरतो.