'नंतर बघू'ची किंमत

जून २०१७च्या अखेरीस न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. संप नव्हता की वादळ नव्हतं. 'नॉटपेट्या' नावाच्या घातक सॉफ्टवेअरने 'मर्स्क' या डॅनिश जहाज कंपनीची संगणक यंत्रणा जगभर निकामी केली होती आणि हे टर्मिनल त्याच समूहाचं होतं. त्याआधी दीडच महिना, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय'ने सुमारे दीडशे देशांत धुमाकूळ घातला होता. संगणकातल्या फायली उघडेनाशा करायच्या आणि त्या सोडवायला तीनशे डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागायची, ही त्याची रीत. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रियाही रद्द कराव्या लागल्या.

दोन्ही हल्ल्यांनी पसरण्यासाठी विंडोजमधली एकच त्रुटी वापरली. ती दुरुस्त करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. वॉनाक्राय आला तेव्हा ते अपडेट येऊन दोन महिने होत आले होते. अपडेट फुकट होतं. लाखो संगणकांवर ते टाकलेलंच नव्हतं.

अपडेट लांबवण्यातला खरा धोका इथे आहे. अपडेट आलं की हल्लेखोर जुन्या आणि नव्या फायली शेजारी ठेवून पाहतात. काय बदललं हे कळलं की चूक कुठे होती हेही कळतं. कुलूप बिघडल्याची दवंडी गावभर पिटली गेली आणि तरीही आपण दाराला तेच कुलूप ठेवलं, अशी ही गत. मायक्रोसॉफ्ट २००३पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट देतं. त्यानंतरच्या बुधवाराला या क्षेत्रातले लोक 'एक्सप्लॉइट वेन्सडे' म्हणतात, ते उगाच नाही. ही शर्यत माणसाने आठवणीने जिंकायची नसते. ती यंत्रावरच सोपवावी.

आपल्याकडे मात्र अडचण पहिल्या दिवसापासूनच सुरू होते. पायरेटेड विंडोज टाकून, फॉर्मॅट मारून देणारा कारागीर अनेकदा अपडेट बंद करूनच संगणक हाती देतो. 'चालू केलं तर मशीन स्लो होईल' हा सल्ला वर मोफत. संगणक कुरकुर न करता चालतो आणि दर महिन्याला थोडा अधिक असुरक्षित होत जातो.

अपडेटनेच घोटाळा झाला तर? शंका रास्त आहे. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले; आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पण ते सॉफ्टवेअर घरगुती नव्हे, कंपन्यांसाठीचं होतं. शिवाय त्या संगणकांतल्या फायली शाबूत राहिल्या. खंडणीखोरांच्या तावडीत सापडलेले फोटो परत मिळतीलच याची खात्री पैसे भरूनही नसते. म्हणून महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि अपडेट चालूच ठेवावं.

विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन ते थांबवून ठेवलेलं नाही ना, हे पाहा. तिथेच 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स'मध्ये आपल्या कामाच्या वेळा नोंदवल्या की संगणक ऐन कामात रीस्टार्ट होत नाही. मॅकवर आपोआप अपडेटची सोय 'सॉफ्टवेअर अपडेट'मध्ये आहे. लॅपटॉप नुसता मिटून ठेवण्याची सवय मात्र सोडावी. रीस्टार्ट होईपर्यंत बरीच अपडेट अर्धवटच राहतात. क्रोमही नवी आवृत्ती आपोआप उतरवून घेतं, पण ती लागू होते ब्राउझर बंद करून उघडल्यावर.

सगळंच आपोआप होत नाही, हेही ध्यानात असू द्या. फायलींचे आर्काइव्ह उघडणारं 'विनरार' घरोघरी असतं, पण ते स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३मध्ये त्यात अशी त्रुटी सापडली की आर्काइव्हमधला साधा फोटो वाटणारी फाइल उघडताच घातक प्रोग्राम चालू होई. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, तरी जुन्या आवृत्त्यांवरचे हल्ले पुढेही चालू राहिले. असे प्रोग्राम मूळ संकेतस्थळावरून नव्याने टाकावेत; वापरात नसलेले काढून टाकावेत. वायफाय राउटरच्या सेटिंग्जमध्येही अपडेट आलं आहे का, हे एकदा तपासावं. वेबपानावर अचानक उगवणाऱ्या 'ताबडतोब अपडेट करा' अशा खिडकीवर मात्र कधीही क्लिक करू नये. विंडोजचं अपडेट सेटिंग्जमध्येच मिळतं.

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नावनोंदणी केल्यास सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची आहे. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम फुकट टाकता येते.

आज रविवार आहे. पुरवणी वाचून झाली की घरातल्या प्रत्येक संगणकाचं अपडेट तपासा, आईवडिलांच्या संगणकाचंही. रीस्टार्ट मागत असेल, तर आजच करा.