विद्यापीठांची चिन्हे आणि मंत्रालयाची मोहोर

पदवीदान समारंभात स्नातकांनी काळा झगा घालावा की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला तो धोरणाचा विषय वाटला. हा झगा व टोपी मध्ययुगीन युरोपातून आलेला वसाहतवादी वारसा आहे, सबब ‘एम्स’सह आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांनी स्थानिक परंपरेवर आधारित भारतीय वेश ठरवावा, असे मंत्रालयाने कळवले. या भावनेला पक्षभेद नाही. २०१० मध्ये भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेत तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भर समारंभात अंगावरचा झगा उतरवला होता.

झग्याचा इतिहास मंत्रालयाने सांगितला तो खराच आहे. मात्र आपल्या विद्यापीठांची चिन्हे कशी घडली, हेही या निमित्ताने पाहायला हवे.

१८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या अलीगढच्या महाविद्यालयाच्या बोधचिन्हात खजुराचे झाड आणि चंद्रकोर यांच्याबरोबर राणी व्हिक्टोरियाचा मुकुटही होता. १८५७ नंतर इंग्रजी राजवटीशी जुळवून घेऊन मुस्लिम समाजाला आधुनिक शिक्षणाकडे नेण्याचे सर सय्यद अहमद खान यांचे राजकारण त्या मुकुटात उमटले होते. १९२० मध्ये महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्या जागी उघडा ग्रंथ आला. झाड व चंद्रकोर कायम राहिली. साम्राज्याची खूण पुसताना संस्थेला आपला जन्म नाकारावा लागला नाही.

कोलकात्याचा अनुभव अधिक कटू आहे. १९३० च्या दशकात, श्यामाप्रसाद मुखर्जी कुलगुरू असताना, तेथील विद्यापीठाच्या मुद्रेवर कमळ आणि ‘श्री’ ही अक्षरे आली. वसाहतीची छाप पुसून भारतीय चिन्ह आणण्याचाच तो प्रयत्न होता. पण मुस्लिम बहुसंख्येच्या बंगालमध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांना त्यात मूर्तिपूजेची छाया दिसली. १९३७ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या स्थापनादिनावर बहिष्कार घातला. पुढे ‘श्री’ वगळण्यात आले, कमळ राहिले. ‘भारतीय’ म्हणजे नेमके काय, यावर सर्वांचे एकमत गृहीत धरता येत नाही, हा धडा त्या दोन अक्षरांनी दिला.

तिसरे उदाहरण शांतिनिकेतनचे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या विश्वभारतीच्या पदवीदानात काळ्या झग्याला स्थान नाही. तेथे पूर्वी प्रत्येक स्नातकाला छातिमची, म्हणजे आपल्याकडच्या सातविणीची, पाने दिली जात. याच झाडाखाली देवेंद्रनाथ ठाकुर ध्यानाला बसत, आणि त्या परिसरातच पुढे रवींद्रनाथांची शाळा व विद्यापीठ वाढले. हे चिन्ह संस्थेच्या अंगणात उगवले आणि रुजले.

आरोग्य मंत्रालयाच्या पत्रातील खरी मेख येथेच आहे. संस्थांनी प्रस्ताव पाठवावेत, पण त्यांना मान्यता आरोग्य सचिव देणार. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये समारंभासाठी हातमागाच्या वस्त्रांचा आग्रह धरला, तेव्हा निदान विणकरांच्या रोजगाराचा ठोस हेतू सांगता येत होता. आता वस्त्राचा रंग आणि काठही दिल्लीतील टेबलावर मंजूर होणार असतील, तर वसाहतीच्या काळापासून चालत आलेली सर्वात जुनी सवय आपण तशीच ठेवली असे होईल. १८५७ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठे लंडनच्या नमुन्यावर उभी राहिली, तीही सरकारी कायद्याने, वरून.

झगा जावा की राहावा, याचा निर्णय प्रत्येक संस्थेतील अध्यापक आणि विद्यार्थ्यांनी चर्चेतून घ्यावा. त्यात वाद होतील, वेळ जाईल, क्वचित कोलकात्यासारखी माघारही घ्यावी लागेल. पण पदवी घेताना काय पांघरावे, एवढाही निर्णय ज्या संस्थांवर सोपवता येत नाही, त्यांच्याकडून स्वतंत्र संशोधनाची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?