यंत्र तेच, प्रवास वेगळा

(द्वितीय वर्ष, कला)

"पुस्तकात असं नव्हतं!" आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून झाला की हे वाक्य हमखास कानावर येते. विज्ञान-कादंबऱ्यांच्या बाबतीत तर ते जरा जास्तच वेळा येते. पण पुस्तकात जे होते आणि पडद्यावर नाही, ते नेमके काय? एखादा प्रसंग गाळला, नायकाचे नाव बदलले, एवढ्यानेच का आपण खट्टू होतो? मला तसे वाटत नाही. एका छोट्या कादंबरीच्या आणि तिच्यावरील दोन चित्रपटांच्या आधारे ह्या प्रश्नाचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

ही कादंबरी म्हणजे एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन'. ती १८९५ साली प्रसिद्ध झाली. पुस्तक अगदी लहान. पण शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला मला तीन आठवडे लागले. गोष्ट थोडक्यात अशी : एक संशोधक कालप्रवासाचे यंत्र बनवतो आणि इसवी सन ८,०२,७०१ मध्ये जाऊन पोचतो. तिथे त्याला इलॉय नावाचे नाजूक, गोजिरवाणे लोक भेटतात. ते फळे खातात, फुलांशी खेळतात, काम मात्र काहीच करीत नाहीत. प्रवाशाला आधी वाटते, माणसाने सगळी दुःखे जिंकली असावीत. पण एक गोष्ट त्याला खटकते. ह्यांच्या अंगावर चांगले कपडे आहेत, पायांत नीट बनवलेली पादत्राणे आहेत. मग माग कुठे आहेत? कारखाने कुठे आहेत? हळूहळू त्याला कळते, की जमिनीखाली मॉरलॉक नावाची दुसरी जमात आहे. ते फिकट, अंधारात राहणारे, उजेडाला भिणारे. यंत्रे तेच चालवतात, वरच्यांना तेच पुरवठा करतात आणि अंधाऱ्या रात्री वर येऊन वरच्यांनाच खातात.

माणसाच्या ह्या दोन जाती झाल्या कशा? वेल्स यांचे उत्तर अंगावर काटा आणणारे आहे. प्रवासी स्वतःच्या काळातील लंडनकडे पाहून तर्क करतो. तिथे तेव्हाच भुयारी रेल्वे होती, तळघरातले कारखाने होते, तळघरातली स्वयंपाकघरे होती. काम करणारा खाली आणि उपभोग घेणारा वर, ही विभागणी पिढ्यानपिढ्या वाढत गेली आणि शेवटी मालक व मजूर हे दोन वेगळे प्राणीच झाले. भविष्यकाळ म्हणजे दुसरे काही नसून आजच्याच अन्यायाची लांबवलेली रेघ, असे ही कादंबरी सांगते.

वेल्स यांना हे सुचले ते हवेतून नव्हे. त्यांच्या वडिलांचे चिनीमातीच्या भांड्यांचे छोटे दुकान होते आणि ते धड चालत नसे. आई अपपार्क नावाच्या एका बड्या हवेलीत नोकरवर्गाची देखरेख करी. ह्या हवेलीत नोकरांनी ये-जा करण्यासाठी जमिनीखालून भुयारी वाटा होत्या. पोरवयात वेल्स यांना कापडाच्या दुकानात उमेदवारीला घातले होते. पुढे १८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला विज्ञान शिकायला गेले आणि टी. एच. हक्सले यांच्यासारख्या थोर जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. उत्क्रांतीचा सिद्धांत त्यांनी वर्गात ऐकला होता. वरचे आणि खालचे जग मात्र घरीच पाहिले होते. दोन्हींच्या मिलाफातून इलॉय आणि मॉरलॉक जन्मले.

आता चित्रपटांकडे वळू. पहिला चित्रपट १९६० सालचा, दिग्दर्शक जॉर्ज पाल. त्यातले यंत्र इतके देखणे आहे, की आजही नजर खिळून राहते. काळ सरकू लागतो तेव्हा दुकानातल्या पुतळीचे कपडे भराभर बदलत जातात, हा प्रसंग कादंबरीत नाही आणि तो सुंदर आहे. विशेष दृश्यपरिणामांसाठी ह्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले. परंतु माणसाच्या दोन जाती का झाल्या, ह्याचे कारण इथे बदलले आहे. दीर्घ महायुद्धाने हवा विषारी झाली. मग काही लोक जमिनीखाली गेले, काही उन्हात राहिले, असे एक बोलणारी कडी सांगते. १९६० साली जगाला अणुयुद्धाची धास्ती होती, हे आपण समजू शकतो. मात्र मालक-मजूर हा संबंधच त्यामुळे पुसला गेला. वरचे वर का आणि खालचे खाली का, ह्याला आता कुणीच जबाबदार नाही. शेवटी नायक इलॉयना मुठी वळायला शिकवतो, मॉरलॉकांचा निःपात होतो आणि नायिका वीना वाचते. कादंबरीत ती जंगलाच्या आगीत नाहीशी होते आणि प्रवासी कुणालाही सोडवू शकत नाही.

दुसरा चित्रपट २००२ सालचा. गंमत अशी, की त्याचे दिग्दर्शक सायमन वेल्स हे मूळ लेखकाचेच पणतू. इथे नायक यंत्र बनवतो ते मारल्या गेलेल्या वाग्दत्त वधूला परत आणण्यासाठी. पुढे चंद्रावरील स्फोटांमुळे चंद्रच फुटतो आणि मानवजात दुभंगते. इथले इलॉय आळशी नाहीत. ते कड्यांवर घरे बांधून राहणारे भले, कष्टाळू लोक आहेत. म्हणजे वरच्यांचा दोष उरला नाही आणि खालचे केवळ राक्षस झाले. राक्षस मारायचा असतो. त्याच्याविषयी विचार करायचा नसतो.

असे का होत असावे? पहिले कारण दिले जाते ते लांबीचे. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही १९६५ची कादंबरी प्रचंड आहे. डेव्हिड लिंच यांनी १९८४ साली ती सव्वादोन तासांत बसवताना पात्रांचे मनातले विचार कुजबुजीच्या आवाजात ऐकवले, तरी प्रेक्षक गोंधळले. तिथे हे कारण पटते. पण 'द टाइम मशीन' एका बैठकीत वाचून होईल एवढी. तिच्यात कापण्यासारखे काय होते?

दुसरे कारण माध्यमाचे. कादंबरीतला प्रवासी आधी चुकीचा तर्क करतो, मग तो सुधारतो, मग पुन्हा चुकतो. वाचक त्याच्याबरोबर चुकतो आणि शिकतो. कॅमेऱ्याला मॉरलॉक दाखवता येतो, तर्क दाखवणे कठीण. तिसरे कारण पैशाचे. एवढा खर्च करणाऱ्याला प्रेक्षक समाधानाने घरी जायला हवा असतो, आणि समाधानाचा सोपा उपाय म्हणजे नायकाचा विजय.

रिचर्ड मॅथेसन यांच्या 'आय अॅम लेजंड' (१९५४) ह्या कादंबरीचे असेच झाले. तिचा नायक रोगग्रस्त 'पिशाचां'ना मारत राहतो आणि शेवटी त्याला उमगते, की ह्या नव्या समाजाच्या दृष्टीने दंतकथेतला राक्षस आपणच आहोत. शीर्षकाचा सगळा अर्थ ह्या उलथापालथीत आहे. २००७च्या चित्रपटात मात्र नायक औषध शोधून हौतात्म्य पत्करतो. कादंबरीला अधिक जवळचा दुसरा शेवट चित्रित झाला होता. पण चित्रपटगृहांत दाखवला गेला तो हा.

कुणी म्हणेल, चित्रपटाने पुस्तकाची नक्कलच करावी का? मुळीच नाही. स्तानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस' (१९६१) वर आंद्रेई तारकोव्हस्की यांनी १९७२ साली काढलेला चित्रपट लेम यांना पसंत पडला नाही. परक्या ग्रहाचे गूढ माणसाला कळू शकेल का, हा लेम यांचा प्रश्न; तारकोव्हस्की यांनी तो अपराधभावनेकडे आणि घराच्या ओढीकडे वळवला. पण त्यांनी एका प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न ठेवला, म्हणून तो चित्रपट थोर ठरला. प्रश्न बदलला तरी चालेल. प्रश्न काढून तिथे मारामारी ठेवली, की निराशा होते.

हे मला पुस्तकापेक्षाही घरी जास्त कळले. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात, बहुतेक रात्रपाळीला. आई कांड्या भरते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मी वडिलांना १९६०चा चित्रपट दाखवला; संवाद मराठीत सांगत होते. नदीकाठी इलॉय हसत-खेळत बसलेले पाहून वडिलांनी विचारले, "काम तर कुणीच करताना दिसंना. मग ह्यांची कापडं कोण विणतंय गं?"

वेल्स यांचा प्रवासी हाच प्रश्न विचारतो. माझ्या वडिलांनी ती कादंबरी वाचलेली नाही, त्यांना इंग्रजी येत नाही. चित्रपटात ह्या प्रश्नाला उत्तर होते ते एवढेच, की मॉरलॉक इलॉयना गुरांसारखे पोसतात. मी चित्रपट थांबवला आणि पुस्तकातली गोष्ट त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे राक्षस आमीच व्हय?" आणि हसले.

मला हसू आले नाही. पण एक मात्र पटले : हा प्रश्न ज्यांचा आहे त्यांच्यापर्यंत पुस्तक सहसा पोचत नाही, चित्रपट पोचतो. म्हणूनच चित्रपटाने तो वाटेत सांडून येऊ नये. मित्रमैत्रिणींनो, चित्रपट जरूर पाहा. पण त्यानंतर आपल्या ग्रंथालयातले ते लहानसे पुस्तकही एकदा मागून घ्या. आणि जमले तर घरी कुणाला तरी वाचून दाखवा.