ठाकुमांची निराळी चूल

१९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली अनेक बंगाली कुटुंबे अविभक्त चंद्रपूर जिल्ह्याच्या अरण्यात वसविण्यात आली. चामोर्शी, मुलचेरा हा तो परिसर आज गडचिरोलीत मोडतो. चामोर्शीस आमच्या शेजारी असेच एक कुटुंब होते. मासळीचे घर, म्हणून सासूबाई तेथे पाणीही घेत नसत. मात्र त्या घरच्या ठाकुमा, म्हणजे आजी, विधवा. जुन्या रीतीने (रीत निष्ठुरच!) त्यांना मासळीच काय, कांदा, लसूण, मसूरही वर्ज्य. चूलही निराळी. एके दिवशी त्यांनी भोपळा-हरभऱ्याची भाजी धाडली. मोहरीच्या तेलात मेथी, कलौंजी, जिरे, मोहरी, बडीशेप यांची फोडणी. सोबत निरोप : “बटाटा, आले घातलेले नाही.” सासूबाईंनी पश्चिमेकडे पाहिले. सूर्यास्तास अवकाश होता. त्यांनी ताट मांडले.