स्वस्त रायफलची सच्ची कसोटी

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. त्याआधी, २०१० मध्ये, म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावले होते. प्रकार वेगळे, पण दोघांपुढचे अंतर तेच पन्नास मीटर, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास तोच १०.४ मिलिमीटर आणि रायफलमध्ये भरलेले काडतूसही त्याच जातीचे, पॉइंट टू-टू लाँग रायफल.

हेच काडतूस अमेरिकेत शेतघराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या साध्या, स्वस्त रायफलमध्येही भरले जाते. तिथली लाखो मुले नेमबाजीचा पहिला धडा अशाच रायफलवर गिरवतात. ही स्वस्त रायफल कितपत अचूक असते, आणि ते रेंजवर प्रामाणिकपणे तपासायचे कसे, याचा हा आढावा. प्रश्न वरवर छोटा दिसतो. पण यंत्र, हवा, हात आणि गणित या चारही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत, आणि एकीकडे जरी दुर्लक्ष झाले तरी निकाल फसवा निघतो.

काडतुसाची कुळकथा

हे काडतूस रिमफायर जातीचे. रिमफायर काडतुसात ठिणगीचे रसायन पितळी पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेले असते. कडेवर आघात झाला की ते पेटते आणि त्याने दारू पेटते. पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेरने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात नेम धरण्यासाठी केलेल्या बंदुकांपासून ही परंपरा सुरू झाली. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये पॉइंट टू-टू शॉर्ट आणले. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या जे. स्टीव्हन्स कंपनीने लाँग रायफल हे रूप दिले, आणि ते आजही बाजारात पाय रोवून आहे. त्यातली शिशाची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अवघी २.६ ग्रॅमची.

काडतूस स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही. त्यामुळे सर्वसामान्यांना नेमबाजी शिकवण्याचे साधन म्हणून ते पुढे आले. बोअर युद्धात ब्रिटिश सैनिकांचा नेम उघडा पडल्यावर लॉर्ड रॉबर्ट्स यांनी सामान्य नागरिकांच्या नेमबाजी क्लबांचा आग्रह धरला. पुढे ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ या नावाने ओळखली गेलेली संस्था १९०१ मध्ये इंग्लंडात स्थापन झाली. कामगारालाही परवडेल अशी, तरी अचूक रायफल हवी, ही मागणी तिथे मोठ्याने मांडली गेली. स्वस्ताई आणि अचूकता यांची सांगड घालण्याचा प्रयत्न तेव्हापासूनचा आहे.

अमेरिकेत या प्रयत्नाला कारखानदारीचे बळ मिळाले. १९६० मध्ये आलेली मार्लिन मॉडेल ६० एक कोटीहून अधिक संख्येने बनली. १९६४ मध्ये रुगर कंपनीने १०/२२ आणली, तेव्हा तिची किंमत साडेचोपन्न डॉलर होती. सॅव्हेजची मार्क-२ ही बोल्टची रायफल कॅनडात लेकफील्डला बनते. या तिन्हींनी मध्यम उत्पन्नाच्या घरात रायफल नेली.

काटकसर कुठे होते?

स्वस्त रायफलची नळी बहुधा वाईट नसते, हे आधी नोंदवले पाहिजे. नळीतल्या खाचांचा पीळ सोळा इंचांत एक फेरा हा ठरलेला, आणि आधुनिक यंत्रांवर तो बऱ्यापैकी एकसारखा पडतो. काटकसर होते ती इतरत्र. चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती पोकळी, थोडे सैल ठेवतात, म्हणजे कुठल्याही कंपनीचे काडतूस अडकत नाही. पण त्यामुळे गोळी दर वेळी नळीच्या अगदी मध्यावर बसेल याची खात्री राहत नाही. सामन्यांच्या रायफलचे चेंबर घट्ट असते, गोळीचे टोक खाचांत किंचित रुतूनच बसते.

दुसरी काटकसर ट्रिगरमध्ये. पाच पौंडांची रायफल आणि तितकाच जड, खरखरीत ट्रिगर असेल, तर बोट दाबता दाबताच नेम हलतो. सॅव्हेजने हलका, जुळवता येणारा ट्रिगर स्वस्त रिमफायरमध्येही दिला, तेव्हा इतर कंपन्यांनाही हालचाल करावी लागली. तिसरी गोष्ट दस्त्याची. प्लास्टिकचा दस्ता पिळला जाऊन नळीला टेकला, की रायफल कशी टेकवली यावर गोळी कुठे जाईल ते ठरू लागते. दस्त्याचे स्क्रू दर वेळी सारख्या जोराने आवळलेले नसतील, तर काल आणि आजचे निकाल जुळत नाहीत. हे सगळे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत, पण त्यासाठी दोष नेमका कुठे आहे ते कसोटीने दाखवायला हवे.

गोळी आणि नळीची जोडी

रिमफायरच्या कसोटीत सर्वांत मोठा भाग काडतुसाचा. मोठ्या रायफलचा नेमबाज आपली काडतुसे घरी स्वतः भरू शकतो, दारू मोजून घालू शकतो. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कारखान्याने जे दिले तेच वापरायचे. दारूत किंवा कडेतल्या रसायनात फरक पडला की वेग बदलतो. पन्नास मीटरवर वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर गोळी सुमारे सात मिलिमीटर वर किंवा खाली जाते. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असताना सात मिलिमीटर म्हणजे फार मोठी चूक.

वेगाचा आणखी एक पेच आहे. ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसाची गोळी नळीतून आवाजापेक्षा जलद निघते आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येते. या संक्रमणात ती किंचित डगमगू शकते. सामन्यांची काडतुसे म्हणूनच मुद्दाम आवाजापेक्षा कमी, सेकंदाला साधारण ३३० मीटरच्या आसपासच्या वेगाची असतात. आश्चर्य वाटेल, पण आडव्या वाऱ्यात जलद गोळी संथ गोळीपेक्षा जास्त वाहवते, कारण आवाजाच्या वेगाजवळ हवेचा रोध अचानक वाढतो आणि ती वाटेत जास्त वेग गमावते. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा पन्नास यार्डांवर साध्या गोळीला सुमारे अडीच सेंटीमीटर ढकलतो.

त्यातही एकच काडतूस एका रायफलमध्ये उत्तम आणि शेजारच्या टेबलावरच्या त्याच बनावटीच्या रायफलमध्ये सुमार निघते. म्हणून अव्वल खेळाडू आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमजवळच्या एलीच्या किंवा जर्मनीत श्योनेबेकला लापुआच्या चाचणी केंद्रात जातात. तिथे रायफल पक्क्या चिमट्यात बसवून एकाच काडतुसाचे वेगवेगळे लॉट झाडले जातात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो, तो साठ्याने घेतला जातो. लाखोंच्या रायफललाही जोडीदार शोधावा लागतो, मग स्वस्त रायफल एकाच डब्यातल्या काडतुसांवर तपासून तिला नापास करणे हा अन्यायच आहे.

रेंजवरची रीत

चांगल्या कसोटीची रीत फार पूर्वी घालून दिली गेली आहे. मॅसॅच्युसेट्समधले डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी रायफलमधून माणसाचा हात वगळण्यासाठी काँक्रीटचा भक्कम ओटा बांधला आणि त्याला ‘शूटिंग जिब्राल्टर’ असे नाव दिले. वर्षानुवर्षांच्या प्रयोगांचे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये आले. गोळीच्या वागण्याचे कारण शोधायचे असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला, हा त्यांच्या कामाचा धडा आजही तसाच लागू आहे.

साध्या रेंजवर ओटा नसला तरी भक्कम टेबल, पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्या एवढे पुरते. नळी पिशवीवर टेकवायची नाही, दस्ता टेकवायचा. दुर्बीण रिमफायरसाठीची, म्हणजे पन्नास यार्डांच्या आसपास जुळवलेली हवी. शंभर यार्डांवर जुळवलेल्या दुर्बिणीत डोळा जरा बाजूला सरकला की नेमाचे चिन्हच लक्ष्यावर सरकते, आणि डोळ्याची चूक रायफलच्या नावावर जमा होते. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकाची पद्धत अनुकरणीय आहे: रिमफायरसाठी पन्नास यार्डांवर, सलग पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, म्हणजे छिद्रांचे पुंजके, आणि सरासरीही पाचही ग्रुपांची.

काडतूस बदलले की आधी दहा-वीस गोळ्या मोजणीशिवाय झाडाव्यात. प्रत्येक कंपनीच्या गोळीवरचे मेण वेगळे असते, ते नळीत बसेपर्यंत निकाल स्थिर होत नाहीत. लक्ष्याजवळ फितीचा छोटा झेंडा लावून वाऱ्याची नोंद ठेवावी. स्वयंचलित भरणाऱ्या रायफलमध्ये हाताने भरलेली पहिली गोळी आणि यंत्राने भरलेल्या पुढच्या गोळ्या वेगळ्या ठिकाणी लागू शकतात, तेही वेगळे टिपावे. कानांवर संरक्षण, डोळ्यांवर चष्मा, आणि कोणी लक्ष्याकडे गेले की बोल्ट उघडा, चेंबर रिकामे. यात तडजोड नाही.

सर्वांत कठीण शिस्त अशी की, झाडलेली प्रत्येक गोळी मोजायची. चार गोळ्या एका छिद्रात आणि पाचवी बाजूला गेली, की ‘ती माझ्या हाताची चूक’ म्हणून तिला बाहेर काढण्याचा मोह होतो. गोळी सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी चूक बोलून दाखवली असेल तर गोष्ट वेगळी. कागद पाहिल्यावर आठवलेली चूक ग्राह्य धरायची नाही.

आकड्यांचा न्याय

ग्रुप म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर. आता समजा एखादी रायफल पन्नास यार्डांवर पाच गोळ्यांचा सरासरी २५ मिलिमीटरचा ग्रुप देते. तीच रायफल, तेच काडतूस, तोच दिवस, पण तीनच गोळ्यांचे ग्रुप घेतले तर सरासरी सुमारे २० दिसेल आणि दहा गोळ्यांचे घेतले तर सुमारे ३१. रायफल बदललेली नाही, मोजण्याची रीत बदलली. किती गोळ्यांचा ग्रुप हे सांगितल्याशिवाय सांगितलेला आकडा म्हणूनच निरर्थक आहे.

शिवाय योगायोग मोठा असतो. पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरीच्या आसपास सहज पाव पटीने कमी-जास्त होतो. २५ च्या रायफलचे १८ आणि ३२ हे दोन्ही निकाल अगदी नेहमीचे. दहा ग्रुपांतला सर्वांत लहान तेवढा निवडला, तर तो १६ मिलिमीटरच्या आसपास येईल आणि त्याचा फोटो फार देखणा दिसेल. पण फलंदाजाची पारख आपण एका शतकावर न करता सरासरीवर करतो, तोच न्याय रायफललाही लावला पाहिजे. अमेरिकी लष्कराच्या प्रक्षेप संशोधनात काम केलेले फ्रँक ग्रब्ज यांनी १९६४ मध्ये नेमबाजांसाठी या मोजमापांची पुस्तिका लिहिली. टोकाच्या दोन छिद्रांऐवजी सगळ्या छिद्रांचे मध्यापासूनचे सरासरी अंतर काढले, तर त्याच गोळ्यांतून अधिक खात्रीचा निष्कर्ष मिळतो. पाचही ग्रुप एकावर एक मांडून पंचवीस छिद्रांचा एकच नकाशा केला, तर रायफलचा स्वभाव कळतो.

या न्यायाने एक नम्रताही येते. एका काडतुसाची सरासरी २२ आणि दुसऱ्याची २५ निघाली, तर पाच-पाच ग्रुपांवरून पहिले श्रेष्ठ असे ठामपणे म्हणता येत नाही. १८ आणि ३२ असा फरक असेल, तर मात्र डबा बदलावा.

निकालाचा अर्थ

स्वस्त, धडधाकट रायफल मोठ्या डब्यातल्या स्वस्त काडतुसांवर पन्नास यार्डांना साधारण २५ ते ४० मिलिमीटर देते. संथ वेगाचे, चांगल्या दर्जाचे आणि मानवणारे काडतूस मिळाले की तीच रायफल पंधरा ते पंचवीसच्या घरात येऊ शकते. दस्त्याचे स्क्रू नीट आवळणे, नळी दस्त्यापासून मोकळी करणे, जाणत्या कारागिराकडून ट्रिगर सुधारून घेणे यांचा फायदा त्यानंतर. म्हणजे पहिला पैसा काडतुसांच्या चार-पाच प्रकारांवर खर्च करावा. नवी नळी, महागडी दुर्बीण हा विचार नंतरचा.

सामन्याच्या रायफलशी तुलनाही इथे नीट समजते. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर गोळीची कडा दहाच्या वर्तुळाला टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणून मधोमध बसलेला १६ मिलिमीटरचा ग्रुप कागदावर सगळे दहा देईल. पण मग खेळाडूच्या श्वासासाठी, नाडीसाठी, वाऱ्यासाठी काहीच जागा उरत नाही, आणि अंतिम फेरीत तर दशांशाने गुण मोजतात. महागडी रायफल खेळाडूला विकत घेऊन देते ती ही शिल्लक जागा.

आपल्याकडे हा विषय परका नाही. महाराष्ट्रातल्या हजारो महाविद्यालयीन मुलामुलींनी एनसीसीत पंचवीस यार्डांवर पॉइंट टू-टूच्या डीलक्स रायफलने ग्रुपिंगचा पहिला धडा घेतला आहे. १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी, आणि त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही नेमबाज राष्ट्रीय पातळीवर जातात. आपल्याकडे परवाना, परदेशी काडतुसे आणि रेंजची वेळ हे सगळेच दुर्मीळ. म्हणूनच इथे प्रामाणिक कसोटीचे मोल अमेरिकेपेक्षा जास्त आहे. हातात असलेली जुनी रायफल कुठल्या काडतुसावर काय करते, हे प्रत्येक क्लबने आणि प्रत्येक एनसीसी तुकडीने वहीत नोंदवून ठेवले, तर शिकणाऱ्या मुलाला आपली चूक कुठली आणि रायफलची कुठली हे पहिल्या महिन्यातच कळेल. ज्या मुलाला महाग रायफल परवडत नाही, त्याला निदान आपल्या रायफलबद्दलचे सत्य मिळायला हवे. ते मिळवण्यासाठी पंचवीस गोळ्या, एक मोजपट्टी आणि प्रत्येक छिद्र मोजण्याची तयारी एवढे पुरते.