सोन्याचे कण आणि लेझरची उष्णता

‘कर्करोगावर सोन्याचा इलाज निघाला’ अशी बातमी मोबाईलवर अधूनमधून फिरते. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. तिच्या भरवशावर कोणी चालू उपचार सोडू नयेत, म्हणून उरलेली अर्धी आम्ही सांगतो.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी हे कण कर्करोगासाठी वापरून पाहिले. आत सिलिका, वर सोन्याचा पातळ थर. केसाच्या जाडीत असे पाचशेएक कण ओळीने मावतील. रात्री टॉर्चवर तळहात ठेवला की लाल उजेड आरपार दिसतो ना? त्या लालच्याही पुढचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मांसातून आणखी आत जातो. हे कण नेमका तोच शोषून तापतात आणि भोवतालच्या पेशी जळतात. 2003 मध्ये उंदरांवर हे दिसून आले.

माणसांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात प्रोस्टेटचा कर्करोग असलेले 58 ते 79 वर्षांचे 16 पुरुष निवडले होते. आदल्या दिवशी शिरेतून कण सोडले, दुसऱ्या दिवशी सुईवाटे लेझर थेट गाठीत. 15 जणांचा उपचार पूर्ण झाला; वर्षभराने त्यांपैकी 13 जणांच्या त्या जागी कर्करोग सापडला नाही. लघवीवरचा ताबा आणि पती-पत्नीचे संबंध यांवरही फारसा परिणाम झाला नाही. शस्त्रक्रियेत नेमकी हीच भीती असते, आणि आपल्या घरांत पुरुष ती कोणाला सांगत नाहीत.

पण हे सगळे रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते. रोग शरीरभर पसरल्यावर प्रकाश कुठे कुठे पोचवणार? शिवाय बरेचसे कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात. आणि सोन्याच्या कुश्त्याचा किंवा भस्माचा याच्याशी काही संबंध नाही, विकणारा काहीही म्हणो.

अब्बा-चाचांना लघवीचा त्रास असेल तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू देऊ नका. बहुतेकदा तो कर्करोग नसतो; तरी पीएसए ही रक्ततपासणी हवी का, हे डॉक्टरांना विचारावे.